शिक्षण आणि आरोग्यात नेतृत्व घडवायचं कसं? नागपूरच्या मोहल्ल्यांसाठी एक मार्गदर्शिका

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत आठवीतली एक मुलगी सकाळच्या प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. घरच्यांना वाटलं, नजर लागली असेल. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की हिमोग्लोबिन फारच कमी आहे. डॉक्टरांनी विचारलं, "शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ना? ही घेत नव्हती का?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. गोळ्या आल्या होत्या आणि ऑफिसच्या कपाटात पडून होत्या. मुख्याध्यापकांना वाटलं वर्गशिक्षक वाटतील. आम्हा वर्गशिक्षकांना वाटलं आरोग्य विभागाची माणसं येऊन वाटतील. आणि शाळा व्यवस्थापन समितीत नाव असलेल्या पालकांना अशा गोळ्या असतात हेच ठाऊक नव्हतं.

मुलगी बरी झाली, अल्हम्दुलिल्लाह. पण ती गोष्ट मनातून गेली नाही. सरकारची योजना होती, औषध होतं, शाळा होती, समितीही होती. फक्त "या गोळ्यांचं काय झालं?" असं वेळेवर विचारणारं कुणी नव्हतं. आपल्या समाजात शिक्षण आणि आरोग्याबद्दल बोललं जातं तेव्हा बहुधा पैशाची, नव्या इमारतीची, नव्या संस्थेची गोष्ट निघते. ती गरज आहेच. पण कायद्याने पालकांना आणि मोहल्ल्यातल्या महिलांना ज्या जागा आधीच दिल्या आहेत, त्या भरायला आणि चालवायला माणसं तयार करणं हे त्याहून जवळचं काम आहे. या लेखात त्या जागा कोणत्या, त्यासाठी कोणती कौशल्यं लागतात आणि ती कुठे शिकता येतात, हे सांगायचा प्रयत्न आहे.

नेतृत्व म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे नेता म्हटलं की चौकातल्या फलकावरचा फोटो डोळ्यांसमोर येतो. इथे आम्ही तो अर्थ घेत नाही. एखादं काम आपलं आहे असं समजून ते तडीस नेणं आणि सोबत चार माणसांना तयार करणं, एवढाच साधा अर्थ घेऊ. प्रत्येकाला त्याच्यावर सोपवलेल्या लोकांविषयी जाब द्यावा लागेल, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जुम्म्याच्या खुत्ब्यात अनेकदा ऐकली आहे. त्यात घरातली आईही येते आणि राज्य चालवणाराही येतो. पद म्हणजे अमानत, आणि काम शूरा करून, म्हणजे सल्लामसलतीने करायचं, हे दोन शब्द आपल्याला परके नाहीत. शाळेच्या समितीला नेमकं हेच लागतं.

इस्लामी इतिहासात शिक्षण आणि उपचार हे दोन्ही गुण असलेल्या एका महिलेचं नाव आवर्जून घेतलं जातं, हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.). लिहिता-वाचता येणाऱ्या मोजक्या महिलांपैकी त्या एक. त्यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लिहायला शिकवलं, आणि त्यांना उपचारांचीही जाण होती. हजरत रुफैदा (रजि.) मदिनेत जखमींसाठी तंबू लावून शुश्रूषा करत, असं रिवायतींत येतं. मुलींनी शिकवणं आणि रुग्णसेवा करणं ही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट आहे, असं कुणी म्हणालं तर ही नावं सांगावीत.

महाराष्ट्राच्या मातीतली उदाहरणं

पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्यासोबत मुलींच्या शाळेत काम करणाऱ्या फातिमा शेख यांचं नाव आता बऱ्याच जणांना माहीत आहे. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारी, माहेरी. मागे शाळेच्या कामाचा भार फातिमावर पडला असेल, ही काळजी त्या पत्रात दिसते. मुख्य माणूस नसताना काम चालू ठेवणारी दुसरी फळी म्हणजे काय, हे यातून समजतं. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. शाळा आणि दवाखाना ही दोन वेगळी कामं आहेत, असं त्यांनी मानलं नाही.

दुसरं उदाहरण नागपूरच्या शेजारचं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून नई तालीमचा अभ्यासक्रम तयार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. ते जर्मनीहून डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतले, तेव्हा जामिया मिल्लिया बंद पडायच्या बेतात होती. तुटपुंज्या पगारावर त्यांनी ती वीस वर्षांहून जास्त काळ सांभाळली. राष्ट्रपती ते १९६७ मध्ये झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून ते शिक्षक आणि संस्थाचालक होते.

तिसरं उदाहरण आपल्या विदर्भातलंच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथे गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या महिलांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, न्यूमोनिया ओळखणं, बाळाला ऊब देणं हे त्या शिकल्या. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक घटले आणि हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशा सेविकांच्या कामात आली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. त्या पुरस्काराच्या नावातच 'आरोग्य क्षेत्रातले नेते' असा शब्द आहे. म्हणजे दारोदार फिरणारी आपली आशाताई जगाच्या हिशोबात नेता आहे, आपल्याच हिशोबात अजून नाही.

आणि नागपुरातली आठवण तर ताजी आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना ताजबागच्या वस्तीतून वर आलेले वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी स्वतःच्या खर्चाने टँकरची व्यवस्था करून सरकारी रुग्णालयांपर्यंत ऑक्सिजन पोचवला. पैसा होता हे खरंच. पण टँकर कुठे मिळतो, कोणत्या रस्त्याने किती वेळात येतो, हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होतं. आपल्या रोजच्या कामातलं कसब समाजाच्या अडचणीच्या वेळी वापरलं, हे त्यातलं शिकण्यासारखं आहे. शिंपी, इलेक्ट्रिशियन, हिशोबनीस, प्रत्येकाकडे असं काही ना काही असतं.

शाळेतल्या जागा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात. नागपूर महानगरपालिकेच्या उर्दू शाळांतही हाच नियम आहे. समितीची कामं थोडक्यात अशी : शाळा कशी चालते यावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं. शालेय पोषण आहारावरही पालकांची नजर असायला हवी. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण ठरलेलं आहे.

प्रत्यक्षात काय होतं? शिपाई रजिस्टर घेऊन घरी जातो आणि एखादी अम्मी दारातच विचारते, "सही कहाँ करूं?" सही होते आणि बैठक झाली असं समजलं जातं. यात त्या माऊलीचा दोष नाही. तिला अजेंडा कुणी वाचून दाखवलेला नसतो.

एक मुद्दा आपल्या उर्दू शाळांसाठी फार महत्त्वाचा आहे. शाळेला किती शिक्षक मंजूर होणार, हे संचमान्यतेत ठरतं, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांची आधार पडताळणी झालेली लागते. आधारवर 'मो.' आणि शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद', किंवा जन्मतारखेत फरक, एवढ्यावरून मूल मोजणीतून सुटतं. प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, अशी कायद्यातली मूळ आकडेवारी आहे. दोन-चार मुलं कमी मोजली गेली तर एक पद जाऊ शकतं, आणि उर्दूचा शिक्षक पुन्हा मिळणं किती अवघड, हे आम्ही रोज पाहतो. समितीतले दोन पालक जुलैमध्ये घरोघरी फिरून नावं दुरुस्त करून घेतील, तर मोर्चाशिवाय पद वाचतं.

अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळांची स्थिती वेगळी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत ही समिती फक्त सल्ला देणारी ठरली. २०१४ मध्ये प्रमती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने तो प्रश्न पुन्हा मोठ्या पीठाकडे सोपवावा असं म्हटलं. निकाल काहीही लागो, आपल्या संस्थांना पालकांशी मोकळेपणाने बोलण्यापासून कोणताही कायदा अडवत नाही. पालक-शिक्षक संघ तर आहेच. संस्था समाजाची असेल तर समाजाला हिशोब दाखवायला संकोच कशाला?

आरोग्यातल्या जागा

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ पासून सुरू आहे. सुमारे ५० हजार लोकवस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा सेविका, आणि ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती, अशी रचना आहे. महिला आरोग्य समितीत वस्तीतल्याच दहा-बारा महिला असतात, आशाताई तिच्यासोबत काम करते. समितीला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी मिळतो. रक्कम लहान आहे, पण ती कुठे वापरायची हे महिला स्वतः ठरवतात. गटाराजवळची सफाई असो, गरोदर बाईला रात्री दवाखान्यात न्यायचं रिक्षाभाडं असो. मोमीनपुरा, हसनबाग, ताजबाग, यशोधरानगर, टेका नाका, कुठेही राहत असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा : आपल्या गल्लीच्या समितीत कोण आहे? उत्तर मिळालं नाही तर आशाताईला किंवा आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा.

मोठ्या रुग्णालयांत मदत मिळवणं हेही एक कौशल्यच आहे. मोमीनपुऱ्याला मेयो जवळ, बाळंतपणासाठी गांधीबागेतलं डागा, मोठ्या आजाराला मेडिकल आणि सुपर स्पेशालिटी, आता मिहानला एम्सही आहे. पण घाबरलेला माणूस कोणत्या खिडकीवर जावं हेच विसरतो. मोहल्ल्यातल्या चार-पाच तरुणांना खालच्या तीन गोष्टी पक्क्या ठाऊक असाव्यात.

पहिली : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार मोफत होतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन भेटायचं. दाखल झाल्या झाल्या भेटावं, बिल आल्यावर नाही.

दुसरी : धर्मादाय नोंदणी असलेल्या खासगी रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. अर्ज करताना उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आजारपणाआधीच काढून ठेवलेला बरा.

तिसरी : सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. गरीब रुग्णाला औषध, मदतनिधी, कागदपत्रं यांत मार्ग दाखवणं हे त्यांचं कामच आहे.

शाळा आणि आरोग्य जिथे भेटतात

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरहून झाली. त्यात शाळकरी मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते, हृदयाला छिद्र, दृष्टिदोष, ऐकू न येणं, असे आजार आढळले तर पुढे उपचारासाठी पाठवतात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे जंतनाशक दिन. लोहाच्या गोळ्या आठवड्यातून एकदा. ही गोळी जेवणानंतर घ्यावी, लगेच चहा पिऊ नये, शौचाला काळसर झालं तर घाबरू नये. एवढी माहिती पालकसभेत दिली की "गोळीने मुलगी आजारी पडली" ही अफवा निम्मी संपते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिला रक्तक्षयाच्या आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं आहे. आमच्या वर्गात पेंगणाऱ्या मुली आळशी नसतात, हे आम्हालाही उशिराच कळलं.

अफवांचा अनुभव आम्ही २०१८ मध्ये घेतला. नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीकरण शाळाशाळांत सुरू झालं आणि मोबाइलवर संदेश फिरू लागले की ही लस मुलींना पुढे मूल होऊ न देण्यासाठी आहे. लसीच्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा. आम्ही फळ्यावर विज्ञान समजावत बसलो, फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो एका अम्मीचा. तिने फाटकापाशी उभं राहून एवढंच सांगितलं, "मेरे दोनों को लगा, देख लो, खेल रहे." जवळच्या मस्जिदीच्या इमाम साहेबांनीही दोन शब्द सांगितले. राहिलेल्यांपैकी बरीच मुलं पुढच्या फेरीत आली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली, लहान मुलं दगावली. लस चुकली की काय होतं, ते तिथे दिसलं. ९ ते १२ महिन्यांत पहिला आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस, हे प्रत्येक घरात लिहून ठेवावं.

एप्रिल २०२० मध्ये सतरंजीपुरा आणि मोमीनपुरा बंद झाले, लोकांना विलगीकरणात नेलं जाऊ लागलं, तेव्हा भीती दोन्ही बाजूंना होती. अशा वेळी प्रशासनाची भाषा मोहल्ल्याला आणि मोहल्ल्याची अडचण प्रशासनाला समजावणारा माणूस लागतो. उर्दू आणि मराठी दोन्ही येणाऱ्या आपल्या तरुणांसाठी ही मोठी जागा आहे. असा माणूस संकटाच्या दिवशी अचानक मिळत नाही, तो आधीपासून ओळखीचा आणि विश्वासाचा असावा लागतो.

सहा कौशल्यं

१. ऐकणं. बैठकीत सर्वात कमी बोलणाऱ्या व्यक्तीला आधी विचारा. बुरख्यात मागे बसलेल्या बाईकडे बहुधा खरी माहिती असते : नळ कधी येतो, स्वच्छतागृहाला कडी आहे की नाही, मुलगी शाळा का सोडते.

२. कागद वाचणं. शासन निर्णय मराठीत असतो. एकाने वाचावा, उर्दूत चार ओळींत समजावावा. शाळेची माहिती यू-डायस प्लसवर सगळ्यांना पाहता येते, ती शाळेत प्रत्यक्ष जे दिसतं त्याच्याशी ताडून पाहावी.

३. बैठक चालवणं. अजेंडा तीनच मुद्द्यांचा ठेवा. प्रत्येक मुद्द्यापुढे कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहा. इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय सही नको. आमच्या कपाटातल्या गोळ्यांना एवढ्या एका ओळीची गरज होती.

४. हिशोब. पाच हजार असोत की पाच लाख, पावती आणि वही लागतेच. वर्षातून एकदा हिशोब भिंतीवर लावा. बदनामी टाळायचा याहून सोपा मार्ग नाही.

५. अर्ज आणि पाठपुरावा. तोंडी तक्रार हवेत विरते. अर्ज दोन प्रतींत द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, पंधरा दिवसांनी विचारा. उत्तर नाही मिळालं तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. अधिकाऱ्याशी आदराने आणि कागद हातात ठेवून बोला.

६. दुसरी फळी. समितीचं काम शिकलेला प्रत्येक माणूस जाताना दोघांना शिकवून जावा. एकच भाई वीस वर्षं सगळं करतो, याचं कौतुक होतं, पण तो आजारी पडला की सगळंच थांबतं.

शिकायचं कुठं?

शिक्षकांसाठी : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलं आहे. 'निष्ठा' प्रशिक्षणात नेतृत्वाचे भाग आहेत. दिल्लीच्या निपा या संस्थेत शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे आणि त्यांचा अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो. राज्यात छत्रपती संभाजीनगरची मिपा संस्था मुख्याध्यापकांसाठी हे काम करते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आपल्या अनेक शिक्षकांनी केली आहे, ती बढतीच्या कागदासाठीच करू नये. इग्नूचं विभागीय केंद्र नागपुरातच आहे, तिथे शैक्षणिक व्यवस्थापनाचा आणि रुग्णालय व्यवस्थापनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम मिळतो.

मुलामुलींसाठी : बारावीनंतर एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. आपल्याकडे नीटमध्ये नंबर लागला नाही की मुलीचं शिक्षण संपतं. नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, फार्मसी, फिजिओथेरपी, समाजकार्याची पदवी, या सगळ्या वाटा आरोग्य क्षेत्रात निर्णयाच्या जागेपर्यंत जातात. वॉर्डातली सिस्टर पुढे मेट्रन होते, नर्सिंग महाविद्यालयात प्राध्यापक होते. "नाइट ड्युटी असते" ही पालकांची काळजी आम्ही समजू शकतो. पण रात्री आपली बहीण वॉर्डात असते तेव्हा तिला सांभाळणारी सिस्टरही कुणाची तरी मुलगीच असते.

शाळेतच : बालसभा, मॉनिटर, ग्रंथालयाची चावी, आरोग्य तपासणीची नोंदवही, ही कामं आळीपाळीने सगळ्या मुलांना द्यावीत. दरवेळी तोच हुशार, बोलका मुलगा पुढे करायची सवय आम्हा शिक्षकांनी सोडायला हवी.

वर्षभराचा आराखडा

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस सुरू होते, तिथून मोजू. जुलै : समितीच्या सदस्यांची यादी शाळेच्या दारावर लावणं, आधार दुरुस्ती, लसीकरण कार्ड तपासणं. ऑगस्ट : जंतनाशक दिन, लोहाच्या गोळ्यांचा वार ठरवणं. सप्टेंबर-ऑक्टोबर : पटसंख्येची पडताळणी, आहाराची चव घेणाऱ्या मातांची पाळी. नोव्हेंबर-डिसेंबर : शाळा विकास आराखडा, कारण तो आर्थिक वर्ष संपायच्या निदान तीन महिने आधी तयार हवा. जानेवारी : महिला आरोग्य समिती आणि शाळेची समिती यांची एकत्र बैठक. फेब्रुवारी : दुसरा जंतनाशक दिन, दहावी-बारावीनंतरच्या वाटांची माहिती. मार्च : हिशोब भिंतीवर. एप्रिल-मे : नागपूरच्या उन्हात मुलं शाळेत कमी असतात, तेव्हा नव्या सदस्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण. रमजान ज्या महिन्यात येईल त्याप्रमाणे बैठकीच्या वेळा बदलाव्यात, बैठक रद्द करू नये.

टाळायच्या चुका

महिला सदस्याच्या जागी तिच्या नवऱ्याने बैठकीला बसणं. समितीत मसलक, जमात, पक्ष आणणं, कारण गोवराला यातलं काही कळत नाही. शिक्षकाला किंवा नर्सला सगळ्यांसमोर फैलावर घेऊन त्याचा व्हिडिओ फिरवणं, त्यातून काम होत नाही आणि चांगला कर्मचारी बदली मागतो. आणि शेवटची, आमची : "हे दुसरं कुणी करत असेल" असं समजून गप्प बसणं.

आता आमच्या शाळेत सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर गोळ्या वाटल्या जातात. नोंदवही आठवीच्याच दोन मुलींकडे असते आणि एखादा सोमवार राहिला तर त्या आम्हाला विचारायला स्टाफरूमपर्यंत येतात. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा खरं सांगायचं तर आम्ही जरा चिडलोच होतो. आता त्यांची वाट पाहतो. तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेत आणि आरोग्य केंद्रात असं विचारणारं कुणी आहे का, ते या आठवड्यात एकदा जाऊन पाहा. नसेल तर तुम्हीच विचारा. अल्लाह आपल्या सर्वांना ही अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.